वाचक विचारतात : चिनी पक्षाच्या अधिवेशनात नेमकं ठरतं तरी काय?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की चिनी कम्युनिस्ट पक्षाचं एकविसावं अधिवेशन २०२७ मध्ये आहे आणि तिथल्या बातम्या आता त्या नजरेने वाचायला हव्यात. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ठाण्यात कॉलेजला राज्यशास्त्र शिकवत होते तेव्हा हा विषय दोन तासांत संपवावा लागायचा, पोर्शन पुरा करायचा असायचा, मुलांच्या शंका तशाच राहून जायच्या, त्यामुळे आता कोणी आपणहून विचारतंय याचा खरंच खूप आनंद झाला. पत्रं मोठी होती ती थोडी लहान केलीयेत, नावं गाळलीयेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : ताई, बातम्यांत कधी पार्टी काँग्रेस म्हणतात, कधी पीपल्स काँग्रेस. आमच्याकडे यावरून वाद झाला, मिस्टर म्हणतात दोन्ही एकच, ती तिथली लोकसभा. खरं काय?

दोन्ही वेगळ्या आहेत. पीपल्स काँग्रेस ही संसद, ती दरवर्षी मार्चमध्ये बीजिंगला भरते, जवळपास तीन हजार प्रतिनिधी येतात, कायदे, बजेट, राष्ट्राध्यक्षाची निवड हे सगळं रीतसर तिथे होतं. पार्टी काँग्रेस म्हणजे पक्षाचं महाअधिवेशन, ते पाच वर्षांतून एकदा, साधारण आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला. हॉल मात्र दोन्हींचा एकच, तिआनआनमेन चौकाच्या कडेचा, १९५९ साली बांधून झालेला ग्रेट हॉल, त्यामुळे टीव्हीवर लाल पडदे, चहाचे कप आणि टाळ्या अगदी सारख्या दिसतात आणि गोंधळ होतो तो तिथेच.

पण वजन पक्षाच्या अधिवेशनाला आहे. आधी पक्ष ठरवतो, मग संसद त्याला कायद्याचं रूप देते. शी जिनपिंग ऑक्टोबर २०२२ मध्ये तिसऱ्यांदा पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे प्रमुख झाले, तिथेच विषय संपला होता, मार्च २०२३ मध्ये संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं ते २,९५२ विरुद्ध शून्य मतांनी. त्याआधी मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन टर्मची मर्यादा घटनेतून काढली तेव्हा बाजूने २,९५८ मतं पडली, विरोधात २, तटस्थ ३ आणि एक मत बाद. ती दोन मतं माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ज्या दोघांनी विरोधी मत दिलं असेल त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल, हे वर्गात शिकवताना मी मुलांना हमखास विचारायचे.

आपल्याकडे काँग्रेस म्हटलं की एक वेगळाच पक्ष डोळ्यासमोर येतो, म्हणून पुढे मी सगळीकडे अधिवेशन हाच शब्द वापरतेय.

प्रश्न (ऐरोली) : मॅडम, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. काँग्रेस, कॉन्फरन्स आणि प्लेनम तिन्हींना माझ्या नोट्समध्ये परिषद असंच लिहिलंय. फरक कसा लक्षात ठेवू?

नोट्स बाजूला ठेव आणि कोण कोणाला निवडतं एवढंच धर. अधिवेशन केंद्रीय समिती निवडतं आणि पक्षाची घटना बदलू शकतं, म्हणून ते सगळ्यात वरचं. मग पाच वर्षं ती केंद्रीय समिती मधूनमधून बसते, वर्षातून एकदा तरी बसावंच लागतं, त्या बैठकीला प्लेनम म्हणतात, पाच वर्षांत साधारण सात होतात. आणि खरी वळणं पुष्कळदा इथेच आलीयेत. माओंनंतरचे नेते डेंग शियाओपिंग यांनी चीनची दारं उघडली असं आपण म्हणतो ते डिसेंबर १९७८ च्या तिसऱ्या प्लेनमपासून, तेव्हा अधिवेशन नव्हतंच.

कॉन्फरन्स म्हणजे दोन अधिवेशनांच्या मध्ये काही अडलं तर बोलवायची परिषद. सत्तेत आल्यावर चिनी पक्षाने ती दोनदाच घेतली, एकदा मार्च १९५५ मध्ये, गाओ गांग आणि राओ शूशी या दोन बड्या नेत्यांच्या हकालपट्टीवर शिक्का मारायला, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबर १९८५ मध्ये, केंद्रीय समितीतल्या वयस्कर मंडळींना निवृत्त करून तरुण माणसं आत घ्यायला. त्यानंतर नाही.

सोव्हिएत पक्षाची एकोणिसावी परिषदही वाचून ठेव. १९८८ च्या जूनअखेर गोर्बाचेव्ह यांनी ती घेतली, त्याआधीची अठरावी झाली होती फेब्रुवारी १९४१ मध्ये, म्हणजे ४७ वर्षं अशी परिषद झालीच नव्हती. गोर्बाचेव्हना पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून त्यांनी ती बाहेर काढली, आणि तिथे प्रतिनिधी एकमेकांशी चक्क भांडले, टीव्हीवर, लोक कामंधामं सोडून बघत होते. त्यातूनच पुढच्या वर्षी १९८९ मध्ये नव्या लोकप्रतिनिधी सभेच्या निवडणुका झाल्या आणि पक्षाच्या बड्याबड्या लोकांना त्यात मतदारांनी घरी बसवलं.

प्रश्न (नेरूळ) : मी निवृत्त शिक्षिका आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं, हात वर करायचे आणि टाळ्या वाजवायच्या, मग सव्वादोन हजारांवर माणसं बीजिंगला गोळा करतातच कशाला? हा निव्वळ देखावा नाही का?

बाई, तुमचा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून याला सावकाश उत्तर देते.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दरवर्षी एजीएम होते. ठराव येतो, कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. तिथे कधी काही ठरलंय असं मला आठवत नाही, जे ठरायचं ते कमिटीच्या मीटिंगमध्ये आणि त्याच्याही आधी जिन्यात ठरलेलं असतं. पण मिनिट्स बुकात ते एकदा लिहिलं गेलं की मग रंगकामाचं टेंडर निघतं, चेक फाटतो, आणि पुढच्या वर्षी कोणी हरकत घेतली तर वही उघडून दाखवली जाते. चिनी अधिवेशनाकडे मी तसंच बघते. मतदान बघायला जाल तर निराश व्हाल, वहीत काय लिहिलं ते बघा, आणि मागच्या वेळच्या वहीतलं काय गाळलं तेही बघा.

वही कशी असते सांगते. १९८१ पासून पक्षाच्या कागदांत एक वाक्य ठरलेलं होतं, की समाजातला मुख्य अंतर्विरोध हा लोकांच्या वाढत्या भौतिक-सांस्कृतिक गरजा आणि मागासलेलं उत्पादन यांच्यातला आहे. सोप्या मराठीत, माल कमी पडतोय, तो आधी तयार करा. या एका वाक्यावर साडेतीन दशकं कारखाने, रस्ते, शहरं उभी राहिली, कारण जिल्ह्याच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना त्यातून कळायचं की आपलं प्रमोशन कशावर आहे. २०१७ च्या एकोणिसाव्या अधिवेशनात ते वाक्य बदललं. आता अंतर्विरोध लोकांची चांगल्या आयुष्याची अपेक्षा आणि असमतोल, अपुरा विकास यांच्यातला. म्हणजे नुसता माल पुरे नाही, हवा, पाणी, गरीब-श्रीमंतांतली दरी हेही मोजणार. शी यांचं भाषण त्या दिवशी तीन तासांच्या वर चाललं होतं, आपल्याकडे बातमी आली ती फक्त भाषण किती लांबलं याची, हे वाक्य बदलल्याची ओळ मला तेव्हा कुठल्याच मराठी पेपरात सापडली नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं होतं.

तसंच १९९२ चं. त्या वर्षाच्या सुरुवातीला म्हातारे डेंग दक्षिणेत शेन्झेनला फिरून आले, सुधारणा थांबवू नका असं बोलत फिरले, आणि ऑक्टोबरमधल्या चौदाव्या अधिवेशनाने समाजवादी बाजार अर्थव्यवस्था हे शब्द लिहून घेतले. बाजार हा शब्द त्या पक्षात उच्चारायलाही एकेकाळी माणसं घाबरायची. आणि गाळण्याचं उदाहरण द्यायचं तर शांतता आणि विकास हाच आपल्या काळाचा मुख्य विषय आहे हे वाक्य अहवालात वर्षानुवर्षं यायचं, २०२२ च्या विसाव्या अधिवेशनात ते नाही. त्याच्या जागी संधीबरोबर धोके आणि आव्हानं आली. लडाखच्या सीमेवर २०२० मध्ये जे झालं त्यानंतर आपण तरी हे गाळलेलं वाक्य नीट लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं.

आता माणसांचं. २०२२ ला २,२९६ प्रतिनिधी निवडले गेले होते, साडेनऊ कोटींहून जास्त सभासदांमधून. जागांपेक्षा उमेदवार थोडे जास्त ठेवायचे असा नियम आहे, प्रतिनिधींच्या निवडीत किमान पंधरा टक्के जास्त, केंद्रीय समितीच्या प्राथमिक फेरीत आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काही थोडे लोक पडतात. हा नियम बिनकामाचा नाही, १९८७ च्या तेराव्या अधिवेशनात डेंग लिचुन नावाचे कट्टर जुन्या विचारांचे नेते, ज्यांना वर न्यायचं ठरलेलं होतं, ते या गुप्त मतदानात केंद्रीय समितीवरच निवडून आले नाहीत आणि वरचं सगळं गणित कोसळलं. प्रतिनिधींनी खालून दिलेला तो धक्का होता. पुढे २००७ आणि २०१२ मध्ये पॉलिट ब्युरोसाठी, म्हणजे केंद्रीय समितीतल्या सगळ्यात वरच्या मोजक्या नेत्यांच्या मंडळासाठी, बड्या अधिकाऱ्यांकडून आधी पसंतीची मतं मागवली गेली होती. २०१७ ला ती पद्धत बंद केली, त्यात मतं विकली-विकत घेतली जातात असं कारण दिलं, आणि त्याऐवजी एकेकाला समोर बसवून मुलाखती घ्यायला लागले, ज्यात कोणी काय सांगितलं ते फक्त घेणाऱ्यालाच माहीत. म्हणजे जो थोडासा दरवाजा किलकिला होता तो लावला. देखावा म्हणता तो पूर्वीपेक्षा आता जास्त आहे, हे तुमचं बरोबरच आहे.

आणि शेवटच्या दिवसानंतरचा एक क्षण कधी चुकवू नका. अधिवेशन संपलं की दुसऱ्या दिवशी नव्या केंद्रीय समितीचा पहिला प्लेनम होतो आणि मग पॉलिट ब्युरोची स्थायी समिती, म्हणजे त्यातलेही सगळ्यात वरचे, हल्ली सात जण, पत्रकारांसमोर रांगेने चालत येतात. कोण कितव्या नंबरला चालतंय तीच बातमी. २०२२ ला शी यांच्या मागे दुसरे आले ली चियांग, शांघायचे पक्षप्रमुख, कधी उपपंतप्रधानही न झालेले, तेव्हाच कळलं की पंतप्रधान हेच होणार आणि मार्चमध्ये झालेच.

प्रश्न (ठाणे, इयत्ता सातवी) : आमच्या सरांनी सांगितलं की त्यांचं पहिलं अधिवेशन तलावात बोटीवर झालं होतं. तलावपाळीला असते तशी बोट होती का?

सरांनी बरोबर सांगितलंय बाळा, पण सगळं नाही, फक्त शेवटची बैठक बोटीवर झाली. २३ जुलै १९२१ ला शांघायमध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागात एका घरात तेरा प्रतिनिधी जमले होते, आणि त्यांच्याबरोबर मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पाठवलेले दोन परदेशी. आख्ख्या देशात पक्षाचे सभासद तेव्हा पन्नास-साठ होते, तुझ्या वर्गातली मुलं मोज म्हणजे अंदाज येईल. ३० जुलैला एक अनोळखी माणूस दारातून डोकावला आणि चुकीच्या घरी आलो म्हणून निघून गेला, परदेशी पाहुण्याला संशय आला, सगळे भराभर पांगले, आणि थोड्याच वेळात पोलीस आले. मग जियाशिंग गावाच्या दक्षिण तलावावर त्यांनी बोट भाड्याने घेतली, सहलीला आलोय असं दाखवत, आणि राहिलेलं काम तिथे पुरं केलं.

आपल्या तलावपाळीला पायाने पॅडल मारायची बोट असते तशी नव्हती ती, छप्पर असलेली, आत टेबल मांडून दहा-बारा माणसं बसतील अशी लाकडी बोट. आता तिथे दिसते ती १९५९ मध्ये तशीच पुन्हा बनवलेली आहे. शी जिनपिंग २०१७ च्या अधिवेशनानंतर आठवड्याभरात स्थायी समितीच्या सगळ्यांना घेऊन ते घर आणि ती बोट बघायला गेले होते.

त्या तेरा जणांचं पुढे काय झालं हेही वाच मोठी झाल्यावर. १ ऑक्टोबर १९४९ ला नवीन चीनची घोषणा झाली तेव्हा तिआनआनमेनवर त्यांच्यातले फक्त दोन उभे होते, माओ आणि दोंग बिवू. काही मारले गेले, काही पक्ष सोडून गेले, दोघं तर जपानच्या बाजूला जाऊन मिळाले. आणि ज्यांना पक्षाचे संस्थापक म्हणतात ते चेन दुशिउ आणि ली दाझाओ पहिल्या अधिवेशनाला आलेच नव्हते, चेन यांना गैरहजेरीतच प्रमुख निवडलं.

प्रश्न (वाशी) : बायका किती असतात तिथे? फोटोत तर सगळे काळे सूट दिसतात.

२०२२ च्या प्रतिनिधींमध्ये २७ टक्के बायका होत्या. केंद्रीय समितीच्या २०५ पूर्ण सदस्यांत ११. पॉलिट ब्युरोच्या २४ जणांत एकही नाही, असं पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच झालं, सुन चुनलान निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी बाई आली नाही. स्थायी समितीत तर १९२१ पासून आजपर्यंत एकही स्त्री बसलेली नाही. स्त्रिया अर्धं आकाश पेलतात असं ज्या देशात भिंतीवर लिहिलेलं असायचं तिथली ही आकडेवारी आहे, याच्यावर आणखी काय बोलू, मला राग येतो एवढंच सांगते.

प्रश्न (डोंबिवली) : हू जिंताओ यांना स्टेजवरून उठवून नेलं तो व्हिडिओ आम्ही पंचवीस वेळा बघितला. वयाची काहीतरी अट असते म्हणतात ती खरी का?

२२ ऑक्टोबर २०२२, समारोपाचा दिवस. हू, म्हणजे शी यांच्या आधीचे पक्षाचे सरचिटणीस, शी यांच्या शेजारी बसले होते, पुढ्यात लाल फोल्डर, दोन माणसं आली, हू उठायला तयार नव्हते, मग त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना ते शी यांच्याशी काहीतरी बोलले आणि तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तब्येत बरी नव्हती असं तिथल्या सरकारी वृत्तसंस्थेने नंतर सांगितलं. मला त्यात सगळ्यात जास्त लागलं ते बाकीच्यांचं समोर बघत बसणं. दहा वर्षं ज्या माणसाखाली काम केलं तो उठून चाललाय आणि रांगेतल्या बहुतेकांची मानही वळत नाही.

वयाचं असं की लेखी नियम नाही, संकेत होता, सात वर आठ खाली असं तिकडे म्हणतात, म्हणजे अधिवेशनाच्या वेळी ६७ पूर्ण असाल तर राहा आणि ६८ असाल तर घरी जा. २००२ पासून स्थायी समितीत तो पाळला गेला. २०२२ मध्ये शी ६९ चे होते, राहिले. ली केचियांग ६७ चे होते, गेले. संकेत कागदावर नव्हता म्हणून मोडायला ठरावसुद्धा लागला नाही.

प्रश्न (तुर्भे) : माझा इलेक्ट्रॉनिक पार्टचा धंदा आहे, माल न्हावाशेवाला उतरतो. माझ्यासारख्याने यातलं काय बघावं?

तुमच्या कामाचं अधिवेशन कमी आणि पंचवार्षिक योजना जास्त. ती ऑक्टोबरच्या प्लेनममध्ये मांडतात आणि मार्चमध्ये संसद मंजूर करते. २०२६ ते २०३० च्या पंधराव्या योजनेची रूपरेषा ऑक्टोबर २०२५ च्या चौथ्या प्लेनममध्ये आली. कोणत्या उद्योगाला पुढे ढकलणार ते त्यात नावानिशी असतं, तेवढं भाषांतर करून घ्या.

प्रश्न (कोपरखैरणे) : पाच वर्षांनी घ्यायचं म्हणतात पण नाही घेतलं तर काय? कोण विचारणार?

कोणी नाही, आणि इतिहासात तेच झालंय. चिनी पक्षाचं सहावं अधिवेशन १९२८ मध्ये झालं तेही मॉस्कोजवळ, कारण चांग कै-शेकने कम्युनिस्टांची कत्तल केल्यानंतर चीनमध्ये जमायला जागा राहिली नव्हती. सातवं थेट १९४५ मध्ये यानानला, सतरा वर्षांनी. तिथे माओंचा विचार पहिल्यांदा पक्षाच्या घटनेत गेला. १९५६ च्या आठव्यात, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर गुप्त भाषण केलेलं होतं, त्या वाऱ्यात माओंचा विचार घटनेतून काढला गेला. आणि मग तेरा वर्षं नवं अधिवेशनच नाही. त्या तेरा वर्षांत काय काय झालं बघा, १९५८ ची मोठी झेप म्हणजे उत्पादन झटपट वाढवायची माओंची मोहीम, त्यानंतरचा दुष्काळ ज्यात कोट्यवधी माणसं भुकेने मेली, मग १९६६ पासून सांस्कृतिक क्रांती, राष्ट्राध्यक्ष लिउ शाओची यांना पक्षातून हाकलून कैदेत ठेवण्यापर्यंत. अधिवेशन घेतलं असतं तर हे सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण निदान एका हॉलमध्ये समोरासमोर बसून अहवाल द्यावा लागला असता, आकडे मांडावे लागले असते.

नववं एप्रिल १९६९ मध्ये झालं आणि त्यात माओंचा विचार परत आला, शिवाय लिन बियाओ हे माओंचे वारस असं त्यांच्या नावासकट घटनेत लिहिलं. अडीच वर्षांत, १३ सप्टेंबर १९७१ ला, हेच लिन बियाओ देशातून पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून मेले. १९७३ ला दहावं अधिवेशन घेऊन ते नाव खोडावं लागलं. १९८२ नंतर मात्र दर पाच वर्षांनी न चुकता अधिवेशन होतंय, ही शिस्त डेंग यांची, आणि माओंच्या काळात जे सोसलं त्यातून आलेली.

बाकीच्या देशांतले कम्युनिस्ट पक्षही असेच. स्टालिनने १९३४ चं सतरावं अधिवेशन घेतलं, त्याला विजेत्यांचं अधिवेशन म्हणायचे. त्यातल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढच्या काही वर्षांत अटक झाली, आणि तिथे निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य-उमेदवारांपैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या, हे आकडे ख्रुश्चेव्हने स्वतः १९५६ च्या भाषणात दिले. मग १९३९ नंतर एकदम १९५२. उत्तर कोरियात १९८० नंतर २०१६ ला, छत्तीस वर्षांनी.

चांगलं उदाहरणही देते नाहीतर तुम्हाला वाटेल यातून कधीच काही निघत नाही. व्हिएतनाम, डिसेंबर १९८६, सहावं अधिवेशन. महागाई वर्षाला शेकडो टक्के, रेशनच्या रांगा, जुलैत जुने नेते ले जुआन वारलेले. त्या अधिवेशनात पक्षाने आपलं चुकलं हे उघड कबूल केलं, न्गुयेन व्हान लिन यांना नेता केलं आणि डोई मोई म्हणजे नूतनीकरण सुरू केलं, शेतकऱ्याला जमीन कसायला मोकळीक, खाजगी धंद्याला परवानगी. काही वर्षांपूर्वी भात आयात करणारा देश १९८९ मध्ये निर्यात करायला लागला. हे सगळं होताना सत्ता पक्षाने सोडली नाही, दुसरा पक्ष आजही तिथे नाही, तेही तितकंच खरं.

प्रश्न (कळवा) : चाळीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात काढली, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होतो. आमच्याकडेही तालुका, जिल्हा, राज्य अधिवेशन आणि मग पार्टी काँग्रेस असायची. आपलं आणि चीनचं सारखंच का? आपल्या माणसांचा त्यांच्याशी कधी संबंध आला का?

काका, साचा एकच, लेनिनच्या पक्षाचा, खालून प्रतिनिधी निवडत वर जायचं आणि वरचा निर्णय खाली सगळ्यांनी पाळायचा. पण तिथे पक्ष म्हणजेच सरकार, पोलीस, लष्कर सगळं, त्यामुळे हॉलमध्ये विरोध करणाऱ्याला घरी जाताना काय काय गमवावं लागेल हे माहीत असतं. आपल्याकडे मार्क्सवादी पक्ष राजकीय ठरावाचा मसुदा अधिवेशनाच्या दोन महिने आधी जाहीर करतो आणि कुठलाही सभासद दुरुस्ती पाठवू शकतो, तुम्हीही कदाचित पाठवल्या असतील. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला चोविसावं अधिवेशन झालं तेव्हा केंद्रीय समितीच्या अधिकृत यादीच्या विरोधात आपल्या महाराष्ट्राचे कामगार नेते डी. एल. कराड उभे राहिले, गुप्त मतदान झालं, त्यांना ३१ मतं पडली, हरले. पण उभं राहता आलं, मतं मोजली गेली आणि आकडा पेपरात आला. वर बीजिंगच्या त्या दोन मतांबद्दल लिहिलं तेव्हा मला हीच ३१ आठवत होती.

संबंध म्हणाल तर फार जुना. चिनी पक्षाचं पाचवं अधिवेशन १९२७ मध्ये वुहानला झालं तेव्हा मॉस्कोकडून तिथे प्रतिनिधी होते ते मानवेंद्रनाथ रॉय. आणि आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत ते तिथेच राहिले, १९४२ मध्ये चिनी पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला बत्तिसाव्या वर्षी गेले. ज्या यानानमध्ये पुढे सातवं अधिवेशन झालं तिथे ते आधी राहून, काम करून गेलेले होते.

आपल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशनही लांब नाही, मुंबईतच झालं, मे-जून १९४३. आदल्या वर्षी बंदी उठली होती, पूरणचंद जोशी सरचिटणीस. पण मला विचाराल तर आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला घडली. आता टिटवाळा म्हटलं की गणपती आणि नवीन टॉवर, पण तिथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली होती. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याच्यामागे होते. डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतून, तेव्हा तो सगळा ठाणे जिल्हाच, मोजके वारली त्या परिषदेला आले होते, सावकाराकडे आणि जमीनदाराकडे वेठीला राबणारी माणसं. आपल्यासारखं दुसऱ्यांचंही आहे आणि ते उभं राहून बोलतात हे त्यांनी तिथे पाहिलं. परत गेले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांनी वेठबिगार करायची नाही असं ठरवलं. तिथून पुढे वारल्यांचा उठाव. कुठल्या सत्तेचा शिक्का नव्हता त्या परिषदेवर, लाल पडदेही नसतील.

तुमच्या किंवा आणखी कोणा वाचकांच्या घरी त्या टिटवाळ्याच्या परिषदेला गेलेलं कोणी असेल, आजोबा, पणजोबा, कोणीही, एखादा फोटो, एखादं पत्रक, नुसती ऐकलेली आठवण असली तरी, तर मला जरूर लिहा. कल्याण, शहापूर, मुरबाडकडच्या लोकांनी विशेषतः. पत्ता सदराच्या खाली नेहमीचाच आहे.